सूर्यफुलाची जात आणि शेतकऱ्याचें साधन

मृगाच्या तोंडाशीं आणि पुढें रब्बीच्या पेरणीपूर्वीं गांवोगांवीं एकच प्रश्न विचारला जातो : यंदा सूर्यफुलाचें बियाणें कोणतें घ्यावें ? उत्तरही ठरलेलें असतें. अमक्याच्या शेतांत अमुक पिशवीनें हेक्टरीं १५ क्विंटल दिले, तेव्हां तीच पिशवी घ्यावी. परंतु ज्याच्या शेतांत १५ क्विंटल झाले त्यानें खत किती घातलें, विरळणी केली कीं नाहीं, फुलोऱ्याच्या वेळीं पाणी दिलें कीं नाहीं, त्याची जमीन काळी कीं मुरमाड, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. सरकारी दप्तरांतही याचें उत्तर सांपडत नाहीं. गांव नमुना नंबर १२ महसूल खात्याच्या नोकरींत वर्षानुवर्षें माझ्या हाताखालून गेला. त्यांत पिकाचें नांव, क्षेत्र, जलसिंचित कीं अजलसिंचित, इतकें मिळतें. जात कोणती व खत किती, याला त्यांत रकाना नाहीं.

याचा परिणाम असा होतो कीं, पीक साधलें तर सर्व श्रेय बियाण्याला आणि बुडालें तर सर्व दोष बियाण्याला. दोन्हीं निवाडे एकतर्फी होत. जात आणि साधन, म्हणजे खत, पाणी, मशागत व मनुष्यबळ, हीं दोन्हीं मिळून पीक ठरवितात. आणि एकाचें मोल दुसऱ्यावांचून कळत नाहीं. हा संबंध समजला नाहीं तर कर्ज काढून घेतलेलें महाग बियाणें हलक्या रानांत उपाशी ठेवलें जातें, अगर बारमाही विहीर असलेला शेतकरी स्वस्त बियाण्यावर समाधान मानून आपलें खत व पाणी अर्धें वायां घालवितो. म्हणून हा विषय जरा विस्तारानें मांडीत आहें.

दोन प्रकारच्या जाती

सूर्यफूल हें मूळचें उत्तर अमेरिकेंतील झाड. तेलाचें पीक म्हणून त्याला खरें रूप आलें तें रशियांत. क्रास्नोदार येथें पुस्तोवोइत या संशोधकानें १९१२ सालापासून निवडपद्धतीनें काम करून बियांतील तेलाचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें तें ५० च्या घरांत नेलें. आपल्या देशांत १९६९ च्या सुमारास ज्या रशियन जाती आणल्या गेल्या, त्यांपैकीं पेरेडोविक ही ई. सी. ६८४१४ या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचें झाड उंच, व पक्व होण्यास १०० ते ११० दिवस लागतात. पुढें मॉर्डेन ही बुटकी, ७५ ते ८० दिवसांत निघणारी जात आली व कोरडवाहू मुलखांत फार पसरली. सोलापूरच्या संशोधन केंद्रांतून एस. एस. ५६ व भानू या जाती मिळाल्या. पहिली सुमारें ८० ते ८५ व दुसरी ८५ ते ९० दिवसांत तयार होते. या सर्व जातींना सरळ अथवा सुधारित जाती म्हणतात.

दुसरा प्रकार संकरित जातींचा. १९६९ सालीं फ्रान्समध्यें लेक्लेर्क यांनीं रानटी सूर्यफुलाशीं संकर करून परागशून्य नराची ओळ सिद्ध केली आणि १९७० सालीं अमेरिकेंत किन्मन यांनीं त्या ओळीची पुढील पिढी परागयुक्त करणारा गुण शोधला. त्यामुळें संकरित बियाणें मोठ्या प्रमाणावर तयार करणें शक्य झालें. आपल्या देशांतील पहिली संकरित जात बी. एस. एच. १ ही बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें १९८० सालीं दिली. त्यानंतर के. बी. एस. एच. १, लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राची एल. एस. एफ. एच. ३५, तसेंच खासगी कंपन्यांच्या अनेक संकरित जाती बाजारांत आल्या. मराठवाड्यांत १९८० नंतरच्या दशकांत केवडा रोग दिसूं लागल्यावर त्याला दाद न देणाऱ्या संकरित जाती काढण्याचें काम लातूर केंद्रानें केलें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

या दोन प्रकारांतला मुख्य भेद शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावा. सरळ जातीच्या शेतांत प्रत्येक झाड थोडें निराळें असतें. कोणी उंच, कोणी ठेंगणें, कोणी चार दिवस आधीं फुलतें, कोणी मागून. संकरित जातीचीं झाडें एका साच्यांतलीं असतात. तीं एकदम फुलतात व एकदम पिकतात. याचा लाभ असा कीं, कापणी एका वेळीं होते व दाणा एकसारखा मिळतो. तोटा असा कीं, नेमक्या फुलोऱ्याच्या आठवड्यांत पाऊस ओढला तर सर्वच झाडें एकदम सांपडतात. सरळ जातींत कांहीं झाडें मागें-पुढें असल्यानें थोडी वांटणी होते. ज्याच्यापाशीं पाणी आहे त्याला या तोट्याचें भय नाहीं. ज्याच्यापाशीं नाहीं त्याला आहे.

संकरित पिकाचें बी पुढच्या वर्षीं पेरूं नये, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्याचें कारण ठाऊक नसतें. दुसऱ्या पिढींत आई-बापांचे गुण फुटून निरनिराळे होतात, झाडें उंच-ठेंगणीं येतात आणि सुमारें चारांत एक झाड परागशून्य निघतें. बियाण्याची बचत म्हणून केलेली ही गोष्ट शेवटीं महागांत पडते. सरळ जातीचें बी मात्र ठेवतां येतें. पण सूर्यफूल परपरागीकरणाचें पीक असल्यानें शेजारच्या शेतांतील पराग मधमाशा घेऊन येतात व जात हळूहळू बिघडते. म्हणून तीन वर्षांनीं तरी शुद्ध बियाणें नव्यानें आणावें. नुकतेंच काढलेलें बी सुमारें दीड महिना निद्रिस्त असतें. तें लगेच पेरल्यास उगवण कमी होते.

साधन कोठें लागू पडतें

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. जात म्हणजे आड व साधन म्हणजे पोहरा आणि दोर. आड उथळ असेल तर लांब दोराचा उपयोग नाहीं. आणि आड खोल असून दोर तोकडा असेल तर पाणी दिसतें पण हातीं लागत नाहीं. सूर्यफुलांत हें कसें घडतें तें पाहूं.

या पिकाचें उत्पन्न तीन टप्प्यांत ठरतें. पहिला टप्पा दाण्यांच्या जागांचा. कळी डोळ्यांस दिसूं लागते तोंवर तिच्या आंत किती फुलें होणार हें बहुतांशीं ठरून गेलेलें असतें. संकरित जातीची फुलें अधिक घालण्याची शक्ति मोठी. पण त्या पहिल्या महिन्यांत नत्र व ओल मिळाली नाहीं तर ती शक्ति तशीच राहते. म्हणून पीक कमरेला लागल्यावर युरिया फेंकण्याचा फारसा उपयोग होत नाहीं. झाड काळेंभोर दिसतें, पण जागा वाढत नाहींत. उलट नत्राचा अतिरेक झाल्यास बियांतील तेलाचें प्रमाण घटतें.

दुसरा टप्पा दाणे धरण्याचा. सूर्यफुलाचा पराग जड व चिकट असल्यानें वाऱ्यानें फारसा उडत नाहीं. तो मधमाशांनींच न्यावा लागतो. सरळ जातींत स्वतःच्या परागानें दाणा धरण्याचें प्रमाण कमी, संकरित जातींत बहुधा अधिक. तेव्हां मधमाशा नसलेल्या रानांत सरळ जातीचे दाणे अधिक पोचट राहतात, आणि शेतकऱ्यास वाटतें कीं खत कमी पडलें. या टप्प्यांत पाण्याचा ताण पडला तरीही फूल मधोमध पोकळ राहतें.

तिसरा टप्पा दाणा भरण्याचा व तेल उतरण्याचा. येथें हिरवीं पानें व ओल लागते. उशिरा पिकणारी जात हलक्या जमिनींत या टप्प्याला येईतों ओल संपलेली असते. लवकर पिकणारी तेवढ्यांत निसटते. मॉर्डेनसारखी जात उत्पन्नानें लहान असूनही कोरडवाहूंत टिकली ती याच कारणानें.

यावरून एक भ्रम दूर व्हावा. “संकरित जात खतावांचून सरळ जातीहून कमी देते” असें पुष्कळ म्हणतात. तो सामान्य नियम नव्हे. थोड्या साधनांतही ती बहुधा मागें पडत नाहीं. फरक असा कीं, थोड्या साधनांत दोहोंमधील अंतर लहान राहतें व भरपूर साधनांत तें वाढत जातें. म्हणजे प्रश्न कोणती जात श्रेष्ठ हा नसून, त्या लहान अंतरांत बियाण्याचा जादा खर्च निघतो काय आणि वाईट वर्षीं तो खर्च कोण सोसणार, हा आहे.

जमाखर्च

हिशेब समजण्यापुरते कांहीं आंकडे कल्पूं. ते कोणत्याही शेताचे नव्हेत. समजा, एका हेक्टरांत सरळ जात व थोडें साधन असतां ६ क्विंटल होतात. बाकी सर्व तसेंच ठेवून केवळ संकरित बियाणें घेतलें तर ७ होतात. सरळ जात ठेवून खत व एक पाणी दिलें तर ९ होतात. दोन्हीं केलीं तर १२ होतात. आतां पाहा : बियाण्यानें १ वाढला, साधनानें ३ वाढले, म्हणून दोहोंनीं ४ वाढावेत, परंतु वाढले ६. हे वरचे २ क्विंटल ना एकट्या बियाण्याचे, ना एकट्या खताचे. ते जोडीचे आहेत.

सूर्यफुलाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामाकरितां क्विंटलीं ७,२८० रुपये ठरला होता. आपण ७,००० धरूं. बियाण्याचा जादा खर्च २,५०० व खत-पाण्याचा ८,००० समजूं. केवळ बियाणें बदलल्यास ७,००० वाढून २,५०० जातात, उरतात ४,५००. केवळ खत-पाणी दिल्यास २१,००० वाढून ८,००० जातात, उरतात १३,०००. दोन्हीं केल्यास ४२,००० वाढून १०,५०० जातात, उरतात ३१,५००.

हें झालें बऱ्या वर्षाचें. आतां फुलोऱ्यांत पाऊस गेला व विहीरही आटली असें समजा. चारही ठिकाणीं अनुक्रमें ३, ३, साडेतीन व ४ क्विंटल झाले. केवळ बियाणें बदलणाऱ्यास २,५०० ची तूट. केवळ खत घालणाऱ्यास ३,५०० मिळून ८,००० गेले, म्हणजे ४,५०० ची तूट. दोन्हीं करणाऱ्यास ७,००० मिळून १०,५०० गेले, म्हणजे ३,५०० ची तूट. जो ही तूट घरच्या शिलकेंतून सोसूं शकतो त्यानें जोडीचा मार्ग धरावा. ज्याला ती व्याजी पैशानें भरावी लागेल त्यानें आपल्या रानांत पाण्याची खात्री किती आहे, हें आधीं पाहावें. आपल्या गांवचे आकडे यांत घालून प्रत्येकानें हा हिशेब स्वतः मांडावा, पद्धत हीच.

पैसा थोडा असल्यास क्रम

साधनें सर्वांना सर्व मिळत नाहींत. म्हणून पैसा थोडा असल्यास तो कोणत्या क्रमानें घालावा, हें महत्त्वाचें आहे.

पहिल्यानें बिनपैशाचीं अथवा थोड्या मजुरीचीं कामें. वेळेवर पेरणी, दाणा फार खोल न जाऊं देणें, उगवणीनंतर दहा-पंधरा दिवसांत विरळणी करून एका ठिकाणीं एकच झाड ठेवणें, आणि विसाव्या व पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास कोळपणी. मध्यम जमिनींत दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन झाडांत ३० सेंटिमीटर. भारी जमिनींत व संकरित जातीस ६० व ३०. पहिल्या अंतरानें गुंठ्यांत सुमारें ७५० व दुसऱ्यानें सुमारें ५६० झाडें बसतात. विरळणीनंतर एक गुंठा मोजून झाडें गणावीं. झाडें निम्मीं असलीं तर उत्तम जातही तो खड्डा भरून काढीत नाहीं. फुलें तबकाएवढीं होतात, पण मध्यें पोचट राहतात.

दुसऱ्यानें नत्र व स्फुरद. कोरडवाहू पिकास हेक्टरीं ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद व २५ किलो पालाश अशी शिफारस आहे. पोत्यांच्या भाषेंत एकरीं युरियाचें ४५ किलोचें एक पोतें, सिंगल सुपर फॉस्फेटचें ५० किलोचें सव्वा पोतें आणि म्युरेट ऑफ पोटॅश सुमारें १७ किलो. खत पेरणीबरोबर दोन चाड्यांच्या पाभरीनें बियाखालीं पडेल असें द्यावें. वर फेंकूं नये. बागायतांत नत्र हेक्टरीं ६० किलोपर्यंत न्यावें व तें दोन हप्त्यांत, अर्धें पेरणीस व अर्धें महिन्याच्या आंत द्यावें. स्फुरदासाठीं सुपर फॉस्फेटच घ्यावें असें सांगण्याचें कारण, त्यांत शेंकडा ११ गंधक असतें व तेलबियांना गंधक हवें असतें, डी. ए. पी. मध्यें तें नसतें.

तिसऱ्यानें पाणी. एकच पाणी देणें शक्य असेल तर तें फुलोऱ्याला राखून ठेवावें. दोन असल्यास कळी धरते वेळीं व फुलोऱ्यांत. तिसरें असल्यास दाणा भरतांना.

चौथ्यानें मधमाशा व टांकणखार. फुलोऱ्यांत हेक्टरीं चार-पांच पेट्या ठेवतां आल्यास उत्तम. तें न साधल्यास सकाळीं आठ ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्यावर हळूच हात फिरवावा. एक दिवस आड असें फुलोरा संपेतों करावें. सरळ जातींत याचें फळ विशेष दिसतें. फुलोऱ्यांत कीटकनाशक फवारूं नये. कडेचीं पिवळीं पाकळीफुलें उमलूं लागतांच लिटरास २ ग्रॅम टांकणखार, म्हणजे बोरॅक्स, विरघळवून फुलांवर फवारावा. दाणे भरण्यास मदत होते.

या चार पायऱ्यांपैकीं पहिली न चढतां चौथीवर उडी घेणारे पुष्कळ असतात. तण माजलेल्या रानांत महाग द्रव फवारून कोणाचें कल्याण झाल्याचें दिसत नाहीं.

जमिनीप्रमाणें निवड

हलकी, उथळ व केवळ पावसावरची जमीन असल्यास मॉर्डेन किंवा एस. एस. ५६ सारखी लवकर येणारी सरळ जात, पहिल्या पायरीचीं सर्व कामें, व जमल्यास अर्धें खत, इतकें पुरे. मध्यम ते भारी काळी जमीन, ओल धरून ठेवणारी, पण विहीर नाहीं, अशा ठिकाणीं भानू किंवा अल्पमुदतीची संकरित जात घ्यावी. परंतु संकरित घेतल्यास खत टाळूं नये, नाहींतर बियाण्याचा जादा पैसा जोडीच्या लाभावांचून जातो. रब्बी किंवा उन्हाळी बागायत व खात्रीचें पाणी असल्यास संकरित जात, पूर्ण खत व तीन टप्प्यांचें पाणी हाच मार्ग. तेथें सरळ जात घेणें म्हणजे खताची शक्ति वायां दवडणें होय. केवडा रोगाचा त्रास असलेल्या गांवीं त्या रोगाला दाद न देणारी जातच निवडावी. कोणतीही जात असो, सूर्यफुलावर लागोपाठ सूर्यफूल घेऊं नये. याचें सोटमूळ खोल जाऊन खालची ओल व अन्न ओढून घेतें.

चार पट्ट्यांचा प्रयोग

वर सांगितलेलें सर्व दुसऱ्याच्या शब्दावर मानावें असें मी म्हणत नाहीं. आपल्या रानांतील उत्तर आपलें रानच देईल. शेतांतील एकसारखी जमीन पाहून शेजारीं-शेजारीं चार पट्टे आखावे. पहिल्यांत सरळ जात व नेहमींचें खत. दुसऱ्यांत संकरित जात व तेंच खत. तिसऱ्यांत सरळ जात व पूर्ण खत. चौथ्यांत संकरित जात व पूर्ण खत. पेरणी एकाच दिवशीं करावी. पट्टे बांधाकडेला किंवा झाडाच्या सावलींत घेऊं नयेत. काढणीच्या वेळीं प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा एक गुंठा मोजून त्याचें बी निराळें झोडपावें, चांगलें वाळवावें व तोलावें. हेक्टरांत सुमारें ९९ गुंठे असल्यानें गुंठ्यांत जितके किलो, हेक्टरीं जवळजवळ तितके क्विंटल, हा सोपा हिशेब आहे.

सोबत वहींत रकाने पाडावे : जात, पेरणीची तारीख, गुंठ्यांतील झाडें, खत, पाणी, फुलोऱ्याची तारीख, पाऊस, वजन, खर्च. दप्तरांत जो रकाना नाहीं तो आपल्या वहींत असावा. एका वर्षाचा निकाल पुरेसा नव्हे. दोन-तीन हंगाम, त्यांत एखादा कमी पावसाचा आल्यास फारच बरें.

१९९३-९४ च्या सुमारास देशांत सूर्यफुलाचें क्षेत्र २५ लाख हेक्टरांहून अधिक होतें; २०२० नंतर तें दोन ते चार लाखांच्या दरम्यान आलें, आणि सूर्यफुलाच्या तेलाकरितां देश बहुतांशीं युक्रेन, रशिया व आर्जेंटिना यांवर विसंबून राहिला. याचीं कारणें अनेक आहेत : रोग, पांखरें, भाव, सोयाबीनचा प्रसार. परंतु ज्या शेतकऱ्यानें हें पीक सोडलें त्यानें तें कोणत्या जातीला किती साधन देऊन सोडलें, याचा हिशेब फार थोड्यांपाशीं आहे. संघाच्या दहा-बारा सभासदांनीं निरनिराळ्या जमिनींत हे चार पट्टे घातले आणि आपल्या वह्या एका बैठकींत समोरासमोर ठेवल्या, तर पुढील हंगामीं बियाणें कोणतें घ्यावें या प्रश्नाला ऐकीव उत्तर देण्याचें कारण उरणार नाहीं. एकाच शिवारांत अनेकांनीं एकदम पेरल्यानें पोपटांचा उपद्रवही वांटला जाईल, हा वरचा लाभ.